पडद्यामागचं विचारा : खडखडाटातून निघणारं गाणं

प्रश्न : वडगावात आमचे पावरलूम आहेत. परवा पोरानं मोबाईलवर 'डान्सर इन द डार्क' लावून दिला. कारखान्यातली बाई, डोळे चाललेत, पोराच्या ऑपरेशनला पैसे साठवतेय, आणि मशीन सुरू झालं की सगळे कामगार नाचायलाच लागतात! एवढ्या दुःखात ही आनंदी गाणी कशाला घातलीत? शेवट बघून जेवण गेलं नाही बघा.
(एक वाचक, वडगाव, बेळगाव)

उत्तर : जेवण गेलं नाही म्हणजे पिक्चर तुम्ही नीट बघितलात. आता गाण्यांचं सांगतो. पुन्हा लावलात तर गाणं सुरू व्हायच्या आधी काय ऐकू येतं तेवढं बघा. कारखान्यात मशीनचा ठोका, रेल्वेच्या गाण्यात चाकांचा, कोर्टात कागदावर चालणाऱ्या पेन्सिलीचा. सेल्माला, म्हणजे त्या कारखान्यातल्या बाईला, आवाज मिळाला की तिचं गाणं सुरू. मागावर काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, धोटा इकडून तिकडं जातो तो ताल दिवसभर कानात असतोच की, आणि तो जरा चुकला तरी न बघता कळतं काहीतरी बिनसलंय म्हणून. म्हणूनच जेलमधला भाग सगळ्यात वाईट वाटतो, तिथं आवाजच नाही, मग ती गाणार कशावर? शेवटी फाशीकडं नेताना पहारेकरी बाई पाय आपटून ठोका देते तेव्हा कुठं हिला पाऊल टाकता येतं.

तेव्हा गाणी दुःखावर साखर पेरायला घातलेली नाहीत. उलट त्यांची किंमत तिलाच मोजावी लागते, मशीनवर काम करता करता स्वप्नात गुंगते, एका वेळी धातूचे दोन पत्रे सरकवते, मशीन बिघडतं आणि नोकरी जाते. म्हणजे गाण्यानंच तिचा घात केला, आणि गाण्याशिवाय तिला जगताही येत नाही. मला विचाराल तर पिक्चर इथंच जिंकतो.

आपल्याकडच्या लोकांना हे खटकतं कारण सवय वेगळी. संगीत नाटकात पात्र गातं ते स्टेजवरच्या सगळ्यांना ऐकू जातं, पब्लिक वन्स मोअर देतं, मरणाच्या सीनलासुद्धा. (ज्यांनी 1880 मध्ये 'शाकुंतल' आणलं ते अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, म्हणून हे जरा अभिमानानं लिहितोय.) इथं गाणं फक्त सेल्माच्या डोक्यात चालतं, बाकीचे आपापल्या कामात. म्हणून बाकीचं पिक्चर हातातल्या कॅमेऱ्यानं, हलतं आणि फिकट घेतलंय, आणि गाणी एका जागी ठेवलेल्या तब्बल 100 डिजिटल कॅमेऱ्यांनी, रंग उजळ. दिग्दर्शक लार्स फॉन ट्रायरला विमानाची भीती, म्हणून गोष्ट अमेरिकेतली असून शूटिंग बहुतेक स्वीडनमध्ये उरकलंय. सन 2000 ला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात पिक्चरला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि सेल्मा झालेल्या ब्यॉर्क या आइसलंडच्या गायिकेला अभिनयाचा, गाणीही तिचीच.

आणि शेवट. सेल्मा म्हणते ना, मी पिक्चरचं शेवटून दुसरं गाणं झालं की उठून जाते, म्हणजे पिक्चर संपतच नाही? फासाखाली ती गाते तेव्हा साथीला काहीच नाही, आणि दिग्दर्शक ते गाणं पुरं होऊ देत नाही. हे मला जरा जुलमी वाटलं, पण त्याऐवजी काय करायला हवं होतं ते काही सुचत नाही.

प्रश्न : असंच अजून काही आहे का? घरच्यांबरोबर बघण्यासारखं?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : घरच्यांबरोबर नको हो! एकटे असाल तर 1981 चा 'पेनीज फ्रॉम हेवन' बघा. मंदीतल्या शिकागोत गाण्यांची छापील पानं विकणारा सेल्समन, बँक कर्ज नाकारते आणि त्याच्या डोक्यात तोच बँकवाला नाण्यांच्या ढिगात नाचतो. गाणी बहुतेक जुन्या रेकॉर्डवरची, नट नुसते ओठ हलवतात, पहिल्याच गाण्यात तर हिरोच्या तोंडून बाईचा आवाज. तिथंही शेवटी फाशी आहेच, पण हा पठ्ठ्या त्यानंतरसुद्धा परत येऊन नाचतो.