युद्धकाळातील प्रेमकादंबरीवर चित्रपट करताना सर्वांत अवघड काय असते?

माझ्या मते युद्धाची दृश्ये उभी करण्यापेक्षा कादंबरीतील निवेदकाचा आवाज पडद्यावर आणणे अधिक अवघड असते. इयन मॅकइवन यांच्या ‘अटोनमेंट’ (२००१) या कादंबरीत, आपण वाचत आलेली प्रेमकथा तिच्यातीलच एक पात्र असलेल्या ब्रायनीने लिहिलेली आहे, हे अखेरीस उलगडते. जो राइट यांच्या २००७ च्या चित्रपटात टाइपरायटरच्या कळांची टकटक थेट पार्श्वसंगीतात मिसळलेली आहे, त्यामुळे कोणीतरी हे सारे लिहीत आहे ही जाणीव सुरुवातीपासूनच कानांवर पडत राहते. शेवटची कबुलीही वृद्ध ब्रायनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत देते. पानावरचे स्वगत असे दृश्यात आणि ध्वनीत उतरवणे मला फार मोलाचे वाटते.

काटछाट अटळ असते, पण तिची किंमत मोजावी लागते. ‘द इंग्लिश पेशंट’ या कादंबरीवरील १९९६ च्या चित्रपटात वाळवंटातील प्रेमकथा केंद्रस्थानी आली, मात्र हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकल्याची बातमी ऐकून, बॉम्ब निकामी करणाऱ्या किप या शीख सैनिकाचा जो संताप कादंबरीत उसळतो, तो वगळला गेला. ती उणीव मला आजही सलते, कारण त्या प्रसंगात युद्ध प्रेमाची केवळ पार्श्वभूमी राहत नाही.