खऱ्या जुन्या साउंड चिपवर मिडीने गाणी वाजवता येतात का? कुठल्या चिपपासून सुरुवात करू?

तुम्ही विचारलंय की इम्युलेटरमध्ये जुन्या कम्प्युटरची गाणी भरपूर ऐकून झाली, आता तोच आवाज खऱ्या चिपमधून काढायचाय, मिडी कीबोर्ड (कुठली पट्टी दाबली हे केबलवरून कळवणारा) जोडून, तर कुठली चिप घेऊ आणि नेटवरची मिडी फाईल तिच्यावर थेट वाजेल का. येतं वाजवता, नक्की करा. पण पहिली चिप एसएन ७६४८९ घ्या, कमोडोर ६४ कम्प्युटरची प्रसिद्ध सिड नको, आणि फाईल जशीच्या तशी ओतू नका. मी फोंड्याला असतो, काही वर्षं हेच करतोय, तर सविस्तर सांगतो.

सिडचं वेड मला पूर्ण मान्य आहे. १९८२ च्या कमोडोर ६४ मधली ती ६५८१ बॉब यानेसने डिझाईन केली, तीन आवाज आणि आत खरा अ‍ॅनालॉग फिल्टर, आणि त्या फिल्टरमुळेच दोन ६५८१ शेजारी ठेवल्या तर हुबेहूब सारख्या वाजत नाहीत. पण तिला ५ व्होल्टसोबत वेगळे १२ लागतात, नंतरच्या ८५८० ला ९, फिल्टरचे कपॅसिटरही दोघींचे वेगळे, म्हणजे एकीच्या सॉकेटमध्ये दुसरी बसवली की जळायची भीती. वर नकली माल खूप. मी ऑनलाईन मागवलेल्या एका ६५८१ वर एसिटोन लावलेला कापूस फिरवला तर वरची छपाई सगळी कापसावर उतरली आणि खाली दुसराच नंबर निघाला, पैसे गेले ते गेलेच.

एसएन ७६४८९ ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची सोळा पायांची छोटी चिप, ५ व्होल्टवर चालते, तीन स्क्वेअर वेव्हचे आवाज आणि चौथा नॉइजचा, म्हणजे खरखरीचा. बीबीसी मायक्रोमध्ये हीच होती, आणि १९८४ साली आपल्याकडे शाळांमध्ये कम्प्युटर शिकवायची क्लास योजना सुरू झाली तेव्हा शाळांना बीबीसी मायक्रोच दिले होते, म्हणजे त्या पिढीतल्या काही जणांनी शाळेत हा आवाज ऐकलेला आहे, चिपचं नाव माहीत नसेल एवढंच.

आता मुख्य मुद्दा. या चिपेला मिडी कळत नाही. मिडी फक्त सांगतं की अमुक नंबरची पट्टी एवढ्या जोरात दाबली, आणि चिपेला हवा असतो भागाकाराचा आकडा, म्हणजे तिच्या क्लॉकला (तिला चालवणाऱ्या ठोक्याला) कितीने भागून स्वर काढायचा तो. मध्ये दुभाषा लागतो, तो म्हणजे आर्डुइनो, आपण कोड लिहून चालवायचा छोटा बोर्ड. ३२यू४ प्रोसेसरवाला बोर्ड घ्या म्हणजे तो लॅपटॉपला यूएसबी मिडी म्हणूनच दिसतो, ऑप्टोकपलर आणि पाच पिनी सॉकेटची भानगड नाही. चिपेला लागणारा ४ मेगाहर्ट्झचा क्लॉकही त्याच बोर्डाच्या टायमरमधून निघतो, बोर्डाच्या १६ चे ४ करायचे. स्वर काढायचा हिशोब असा: क्लॉकला ३२ ने भागा, मग हव्या त्या फ्रिक्वेन्सीने भागा. ४४० हर्ट्झसाठी २८४ येतात, सुरात एकदम चोख. पण हा आकडा दहा बिटांचा, १०२३ च्या वर जात नाही, म्हणजे साधारण १२२ हर्ट्झच्या खाली चिप उतरूच शकत नाही. आणि वर गेलात तर ३५२० हर्ट्झसाठी ३५ लावले तर ३५७१ वाजतं, ३६ लावले तर ३४७२, मधलं काही नाहीच, दोन्ही कानाला खुपतात.

खालची ही भिंत काय असते ते मला बाबांमुळे कळलं. ते भजनात पेटी वाजवतात. चवथीला घरी सगळे होते तेव्हा त्यांना मिडी कीबोर्डवर बसवलं, पट्टी नेहमीची काळी एक. उजवा हात लगेच चालू झाला, पण डाव्याला भाता नाही, तो रिकामा राहिला, म्हणून त्यांनी डाव्या हाताने खर्जाचा सा धरून ठेवला आणि तो सा वाजेचना. दोनतीनदा पट्टी दाबली, कान खाली नेला, मग म्हणाले, अरे हिचा खर्ज खंय? तो सा साधारण ६९ हर्ट्झचा, चिपेच्या टप्प्याच्या बाहेर.

त्यावर उपाय आहे आणि तो जुन्या लोकांनीच शोधलेला. नॉइजच्या आवाजाला पिरिऑडिक मोडमध्ये, म्हणजे खरखरीऐवजी ठरावीक ठोका पुन्हापुन्हा द्यायला टाकायचं, त्याचा वेग तिसऱ्या आवाजावरून घ्यायला सांगायचं आणि तिसरा आवाज म्यूट करायचा, की जे वाजतं ते तिसऱ्याच्या पंधराव्या भागाएवढं, म्हणजे जवळजवळ चार सप्तकं खाली. तिसऱ्याला १२० लावले की खाली ६९.४ मिळतात. आवाज पातळ, गुणगुणल्यासारखा येतो पण सा तो सा, बाबांनी त्यावर अख्खा अभंग वाजवला. मात्र आता सुरासाठी दोनच आवाज उरले. खर्ज हवा की तिसरा आवाज हवा हे प्रत्येक गाण्याला ठरवावं लागतं, आणि मला विचाराल तर या संगीताची सगळी गंमत याच ठरवण्यात आहे, इम्युलेटरमध्ये आणखी एक चिप उघडून मोकळं होता येतं, इथे नाही.

म्हणूनच ऑर्केस्ट्राची सोळा चॅनेलची फाईल ओतलीत तर नुसता गोंधळ ऐकू येईल, आवाज एकमेकांचे स्वर पळवत राहतात. चाल एका आवाजावर, खर्ज एकावर, आणि कॉर्ड हवी असेल तर तिचे तीन स्वर एकाच आवाजावर सेकंदाला पन्नास वेळा बदलत फिरवा, त्या काळच्या गाण्यांतली ती भुरभुर तिथूनच येते. आवाज लहानमोठा करायच्या पायऱ्या २ डेसिबलच्या, पंधरा पायऱ्या आणि मग बंद, आपोआप विरण्याची सोय चिपेत नाही. दर २० मिलिसेकंदांनी एक पायरी कोडमधून उतरवा, साधारण ३०० मिलिसेकंदांत स्वर छान विरतो, नाहीतर दारावरची बेल वाजल्यासारखं वाटतं.

मूळ गेमचं गाणं जसंच्या तसं हवं असेल तर मिडी सोडा आणि व्हीजीएम फाईल वापरा, त्यात चिपेला कधी कुठला आकडा लिहिला हेच साठवलेलं असतं. फक्त सेगा मास्टर सिस्टिमच्या फाईली ३.५८ मेगाहर्ट्झसाठी असतात, ४ वर वाजवल्या तर गाणं जवळजवळ एक पूर्ण स्वर वर चढतं.

जोडताना एकच मोठा सापळा आहे, टेक्सासच्या कागदावर डी० नावाचा डेटाचा पाय म्हणजे सगळ्यात वरचा बिट, आपण समजतो त्याच्या बरोब्बर उलट. माझ्या दोन संध्याकाळी यात गेल्या. चिपेच्या पायांना अगदी लागून ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर द्या, नाहीतर यूएसबीची शिट्टी आवाजात मिसळते. आणि तुम्हीही गोव्यात असाल तर पावसाळ्यात चिप उघडी ठेवू नका, आपल्या हवेने पाय काळे पडतात आणि सॉकेटमध्ये कॉन्टॅक्ट सुटतो, पेन्सिलच्या रबराने हलकेच घासून सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवा.

पहिल्या दिवशी गाण्याच्या मागे लागू नका. वीज दिली की चिप आपणहून एक सूर धरून रडत बसते, ते नॉर्मल आहे, बीबीसी मायक्रो चालू करताना सुरुवातीला तोच ऐकू यायचा. तिला १५९, १९१, २२३, २५५ हे चार आकडे पाठवा, सगळे आवाज बंद झाले तर वायरिंग बरोबर आहे. नाही झाले तर आधी डी० बघा, आणि तरी अडलात तर इथेच खाली वायरिंगचा फोटो टाका, मी बघतो.