कोलंबियात बोगोटाला ऑफिसच्या कामासाठी तीन-चार दिवस जायचंय. काय लक्षात ठेवू?

सगळ्यात आधी उंची. बोगोटा साधारण २,६०० मीटरवर आहे, महाबळेश्वरच्या जवळपास दुप्पट. जिना चढतानाही धाप लागते, डोकं जड होतं. त्यामुळे महत्त्वाची मीटिंग पहिल्याच दिवशी ठेवू नका, पाणी भरपूर प्या, स्वागताची दारू नम्रपणे टाळा.

विषुववृत्ताजवळचं शहर म्हणून नुसते सुती शर्ट भरू नका. तिथे बारा महिने गारठा, पाऊस केव्हाही. जाकीट, छत्री हवीच. वीज ११० व्होल्ट, चपट्या पिनांचं अडॅप्टर न्या.

रस्त्यात फोन हातात मिरवू नका, टॅक्सी ॲपवरूनच मागवा. शाकाहारी असाल तर चीजचा आरेपा (मक्याची जाडसर भाकरी) खा. अहियाको सूपमध्ये कोंबडी असते.

सुवर्ण संग्रहालय जरूर पाहा, पण ते सोमवारी बंद. घरी फोन करताना भारत साडेदहा तास पुढे असतो.