पाच-सहा हजारांत हँडीकॅमसाठी शॉटगन माइक: विणकरांच्या मुलाखती आणि गड्डा

जुना हँडीकॅम, पाच-सहा हजार रुपये, आणि कामं दोन: सोलापूरच्या पूर्व भागातल्या जुन्या विणकरांच्या मुलाखती आणि संक्रांतीला गड्ड्यातली, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतली, नंदीध्वजांची मिरवणूक. आवाज लांबून बोलल्यासारखा येतो, घुमतो, म्हणून कॅमेऱ्यावर शॉटगन, म्हणजे लांब नळीचा माइक, लावायचाय, कुठला घेऊ, असं विचारलंत. नाव सांगतो, पण आधी हँडीकॅम हातात घ्या आणि त्याला माइकचं भोक आहे का ते बघा.

थट्टा नाही करत. सोनीचा एचडीआर-सीएक्स४०५ आपल्याकडे घरोघरी आहे आणि त्याला बाहेरचा माइक लावायची सोयच नाही. हेडफोनचीही नाही. तुमचा तोच असेल तर पैसे माइकवर घालू नका, वेगळा रेकॉर्डर घ्या किंवा मोबाईलला कॉलर माइक लावून आवाज वेगळा घ्या आणि एडिटिंगला जुळवा. सुरुवातीला एक टाळी वाजवली की जुळवणं सोपं जातं. साडेतीन एमएमचं भोक असेल (सोनीवर बहुधा लाल) तर पुढचं वाचा.

शॉटगनबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे तो लांबचा आवाज ओढून आणतो. तो काही ओढत नाही. लांब नळीच्या बाजूला खाचा असतात. समोरून येणारा आवाज नळीतून सरळ आतल्या कॅप्सूलपर्यंत (आवाज पकडणाऱ्या भागापर्यंत) जातो. बाजूने येणारा वेगवेगळ्या खाचांतून थोडा थोडा पुढे-मागे पोचतो आणि आतल्या आत एकमेकाला मारतो. म्हणजे काम फक्त बाजूचा आवाज कमी करण्याचं. तेही नळीच्या लांबीपेक्षा लहान लहरींवरच नीट जमतं. १००० हर्ट्झच्या आवाजाची लहर साधारण ३४ सेंटीमीटर असते. तुमच्या बजेटमधली नळी पंधरा-वीस सेंटीमीटरची, त्यामुळे दोनेक हजार हर्ट्झच्या खाली तिचा फारसा उपयोग नाही. ट्रकची घरघर, जनरेटर, कूलरचा घुमारा हे सगळं खालच्या पट्टीतलं, ते बाजूनेही आरामात आत येतं.

नळी छोटी तर तेवढा फायदा छोटा. रोडचा व्हिडिओमायक्रो बघा, चांगला माइक आहे पण तो कार्डिऑइड आहे, म्हणजे समोरचा बराच रुंद पट्टा घेणारा, शॉटगन नाही. तेवढ्याच आकाराचे बोटभर लांबीचे माइक ऑनलाइन सर्रास ‘शॉटगन’ म्हणून विकतात. हँडीकॅमच्या पोटातल्या माइकपेक्षा ते बरे, एवढंच.

आता अंतर. मोकळ्या जागेत माइक आणि तोंड यांच्यातलं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. दोन फुटांवरचा माइक आठ फुटांवर नेला की १२ डेसिबल गेले, आणि ते भरून काढायला आवाज वाढवला की खरखर, पंखा, रस्ता सगळंच वाढतं. पंचवीस हजारांचा माइक आठ फुटांवर आणि तीन हजारांचा दोन फुटांवर, तर मुलाखतीला मी डोळे झाकून दुसरा घेईन. म्हणून शॉटगन घ्या जरूर, पण कॅमेऱ्यावर ठेवायला नको. तीन मीटरची स्टिरिओ एक्स्टेन्शन केबल घ्या, माइक एका स्टँडला किंवा सरळ काठीला बांधा आणि फ्रेमच्या वरून बोलणाऱ्याच्या छातीच्या रोखाने खाली वळवा. केबल फार लांब करू नका, साडेतीन एमएमच्या वायरीवर गुणगुण लवकर चढते. मोबाईलही तिच्यापासून लांब ठेवा.

कुठला? तुमच्या बजेटमध्ये मी टॅकस्टार एसजीसी-५९८ सांगेन. त्यात पेन्सिल सेल टाकायचा असतो, लो-कट (खालच्या पट्टीची घरघर कापणारं बटण) आहे आणि १० डेसिबल वाढवायचं बटण आहे. मुलाखतीला हे बटण फार कामाचं. हँडीकॅमच्या आतला प्रीअँप, म्हणजे माइकचा आवाज वाढवणारा भाग, खरखरतो, माइकनेच मोठा आवाज दिला की कॅमेऱ्याचं गेन (आवाज वाढवायचं प्रमाण) खाली ठेवता येतं. माइकची स्वतःची थोडी हिस्स आहे, नाही असं नाही, पण जवळ ठेवलात तर टोचत नाही. काम झालं की स्विच बंद करा, नाहीतर ऐन वेळी सेल मेलेला सापडतो. बजेट ताणता आलं तर रोडचा व्हिडिओमायक गो टू. त्याला सेल लागत नाही, कॅमेऱ्याच्या प्लग-इन पॉवरवर (माइकच्या भोकातूनच मिळणाऱ्या विजेवर) चालतो, आणि यूएसबी-सीही आहे. सेनहायझरचा एमकेई ४०० उत्तम, पण तुमच्या आकड्यात बसत नाही.

एक्सएलआर पिनचे (तीन काड्यांच्या जाड गोल प्लगचे) माइक स्वस्तात दिसले तरी जपून. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी८७५आरसारखे माइक फँटम पॉवरवरच, म्हणजे केबलमधून माइकला दिलेल्या विजेवरच, चालतात. हँडीकॅम ती देत नाही आणि साधी कन्व्हर्टर केबलही देत नाही, माइक मुका राहतो. आत सेल घालायची सोय असलेले चालतात, पण तिथे केबल चुकीच्या जोडणीची मिळाली तर उजवीकडचा आवाज डावीकडच्याच्या अगदी उलटा जातो आणि दोन्ही एकत्र आले की एकमेकाला मारतात. हेडफोनवर बरा वाटतो आणि मोबाईलच्या एकाच स्पीकरवर माणसाचं बोलणं जवळजवळ गायब होतं. लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडे असतात त्या एचएक्सआर-एमसी२५००सारख्या कॅमेऱ्यांना एक्सएलआर आणि फँटम दोन्ही असतं, त्यांचा सल्ला त्यांच्या कॅमेऱ्यापुरता बरोबर असतो.

आता तुमची खरी अडचण, यंत्रमागाची शेड. चालू मागांमध्ये कुठलाच शॉटगन तुम्हाला वाचवणार नाही. खडखडाट पत्र्यावरून, भिंतींवरून, फरशीवरून परत येतो, म्हणजे गोंगाट समोरूनही असतोच. माग चालू असताना नुसती दृश्यं घ्या आणि मागाचा आवाज दोन-तीन मिनिटं वेगळा रेकॉर्ड करा. बोलणं जेवणाच्या सुट्टीत किंवा शेजारच्या खोलीत घ्या आणि एडिटिंगमध्ये मागाचा आवाज हळू खाली सोडा. काकांना मागासमोर उभं राहूनच सांगायचं असेल तर वायरचा कॉलर माइक लावा. बोयाच्या बीवाय-एम१ला ६ मीटरची वायर असते. गोंगाट त्यातही येईल, पण तोंड वीतभर अंतरावर असल्याने शब्द कळतील.

खोलीत घुमण्यावर उपाय आपल्या गावात फुकट आहे. शॉटगनला चार मोकळ्या भिंतींची खोली मानवत नाही, परतून येणारा आवाज नळीत शिरला की बोलणं पोकळ वाटतं. सोलापुरी चादर चौपदरी करून बोलणाऱ्याच्या समोरच्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर, भिंतीपासून वीतभर पुढे टांगा. एकपदरी चादरीने फारसं काही होत नाही. घोंगडी असेल तर आणखी छान. टेबलावर, फरशीवरही एक टाका. आणि कूलर बंद. मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असताना म्हाताऱ्या माणसाला कूलरविना बसवणं बरं दिसत नाही, हे मान्य, म्हणून मुलाखत सकाळी लवकर उरका.

गड्ड्याचं गणित उलटं. तिथे माइक कॅमेऱ्यावरच ठेवा, मिरवणुकीत काठी घेऊन फिरता येत नाही. मोकळ्यावर नळी त्यातल्या त्यात बरं कामही करते. १० डेसिबलचं बटण मात्र बंद. हलगी, बँड आणि ‘हर्र बोला हर्र’चा गजर एकदम सुरू झाला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. कॅमेऱ्यात आवाज हाताने ठरवायची सोय असेल तर ऑटो बंद करा आणि मोठ्यात मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं लावा. ऑटोवर ठेवलं तर गजर थांबला की कॅमेरा घाईघाईने आवाज वाढवतो आणि शेजारच्या पिपाण्या वर येतात.

वाऱ्यासाठी माइकबरोबर येणारा स्पंज पुरत नाही, कंबर तलावाकाठी उभं राहून रेकॉर्ड करून बघा. केसाळ कव्हर लागतं. तयार मिळालं नाही तर फरचं कापड घेऊन शिंप्याकडून पिशवी शिवून घ्या, फक्त कापडाची पाठ विरळ जाळीची हवी. जाड पाठीचं घेतलंत तर आवाज उशी तोंडावर धरल्यासारखा दबतो.

माइक जुना घेणार असाल तर तुमचाच हँडीकॅम आणि हेडफोन घेऊन जा. हँडीकॅमला हेडफोनचं भोक नसेल तर अर्धा मिनिट रेकॉर्ड करून तिथेच परत ऐका. बोलता बोलता पिन हळूच फिरवा, वायर मुळाशी वाकवा, सेलचा कप्पा उघडून हिरवट गंज आहे का बघा. मग गप्प बसून थोडं रेकॉर्ड करा. त्या शांततेत खरखर बोलण्याइतकी मोठी ऐकू आली तर तो माइक तिथेच ठेवून या.