शेवटचं पान आधी: यंत्रांच्या लीजबद्दल वाचकांचे प्रश्न

यंत्रसामग्री लीजवर घेण्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सात इथे घेतले आहेत. बहुतेकांचा सूर एकच आहे: हप्ता परवडत होता म्हणून सही केली, आता कागदातले शब्द कळत नाहीत. हप्ता हा करारातला सगळ्यात ठळक छापलेला आकडा असतो. व्यवहार स्वस्त पडला की महाग, हे मात्र मुदत संपताना काय होणार त्यावर ठरतं, आणि ते बहुधा मागच्या पानांवर बारीक अक्षरात असतं. म्हणून मी भेटेल त्याला एकच विनंती करतो: करार शेवटाकडून वाचायला घ्या.

प्रश्न: कर्ज काढून यंत्र घेणं आणि लीजवर घेणं यात नेमका फरक काय? विक्रेता याला ‘फायनान्स लीज’ म्हणतो, माझा हिशोबनीस ‘ऑपरेटिंग लीज’ म्हणतो. खरं कोणाचं?

कर्ज काढलं तर यंत्र पहिल्या दिवसापासून तुमचं, फक्त ते तारण राहतं. लीजमध्ये मालक लेसर, म्हणजे लीज देणारा; तुम्ही लेसी, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरता वापराचा हक्क घेणारे.

फायनान्स लीजमध्ये कागदावरची मालकी लेसरकडे असली तरी मालकाच्या वाट्याची जोखीम आणि लाभ जवळजवळ सगळे तुमच्याकडे येतात. यंत्राच्या उपयुक्त आयुष्याचा बराचसा काळ ते तुमच्याकडेच राहतं, आणि हप्त्यांमधून लेसरची गुंतवणूक व्याजासकट वसूल होते. ऑपरेटिंग लीजमध्ये मुदत त्या मानानं छोटी असते. यंत्र परत आलं की ते दुसऱ्याला भाड्यानं द्यायचं किंवा विकायचं, या हिशोबानं लेसर भाडं ठरवतो, आणि ते किती जुनं, किती कालबाह्य होईल याची चिंता त्याची.

अमेरिकेच्या 1976 च्या लेखामानकात यासाठी दोन ठळक उंबरठे होते: मुदत आयुष्याच्या 75 टक्के किंवा जास्त असेल, अथवा हप्त्यांचं आजचं मूल्य (पुढच्या हप्त्यांतलं व्याज वजा करून आज भरेल ती रक्कम) यंत्राच्या वाजवी किमतीच्या 90 टक्के किंवा जास्त असेल, तर ती फायनान्सच्या बाजूची लीज. अंदाज घ्यायला हे आकडे आजही उपयोगी पडतात. तुमच्या दोघांपैकी कोण बरोबर, हे कराराच्या शीर्षकावरून कळणार नाही. मुदत, हप्ते आणि शेवटची खरेदीची अट यावरूनच कळेल.

प्रश्न: मला ‘रेट फॅक्टर 0.0325’ असा दर सांगितला. म्हणजे सव्वातीन टक्के व्याज समजायचं का?

नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. रेट फॅक्टर म्हणजे यंत्राच्या किमतीला ज्या आकड्यानं गुणलं की महिन्याचा हप्ता येतो तो आकडा. किंमत 10 लाख धरा, चलन कोणतंही असो. 10 लाख गुणिले 0.0325 म्हणजे महिना 32,500. मुदत 36 महिने असेल तर एकूण 11 लाख 70 हजार. व्याजदर यातून दिसत नाही, तो काढावा लागतो.

काढणं अवघड नाही. स्प्रेडशीटमध्ये ‘रेट’ नावाचं सूत्र असतं. त्यात हप्त्यांची संख्या 36, हप्ता उणे 32,500 आणि आज उभी राहणारी रक्कम 10,00,000 भरा. येईल तो महिन्याचा दर. त्याला 12 नं गुणा. हप्ता महिन्याच्या शेवटी द्यायचा असेल आणि शेवटी यंत्र वेगळे पैसे न देता तुमचं होणार असेल, तर उत्तर येतं वर्षाला साधारण 10.5 टक्के.

आता त्याच करारात ‘पहिला आणि शेवटचा हप्ता आगाऊ’ अशी ओळ घाला. सही करतानाच तुम्ही 65,000 दिलेत, म्हणजे प्रत्यक्षात तुम्हाला मिळाले 9 लाख 35 हजार आणि उरले 34 हप्ते. दर चढून 11.8 टक्क्यांच्या आसपास जातो. बिनव्याजी अनामत रक्कम ठेवायला सांगितली तरी परिणाम याच दिशेनं होतो. हप्त्याचा आकडा मात्र तसाच, 32,500.

‘फ्लॅट’ दराचंही तेच. 10 टक्के फ्लॅट, तीन वर्षं, म्हणजे पूर्ण 10 लाखांवर तिन्ही वर्षं 10 टक्के व्याज. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, तरी व्याज मूळ रकमेवरच चालू राहतं. घटत्या शिल्लकीवर मोजलं तर हाच दर जवळपास 18 टक्के होतो. दोन प्रस्तावांची तुलना करायची असेल तर दोन्ही आधी एकाच मापात आणा, मग बोलायला बसा.

प्रश्न: मुदत संपल्यावर यंत्र घेण्यासाठी तीन पर्याय दिले आहेत: नाममात्र रक्कम, मूळ किमतीच्या 10 टक्के, किंवा ‘एफएमव्ही’. एफएमव्हीचा हप्ता सगळ्यात कमी आहे. तोच घेऊ का?

एफएमव्ही म्हणजे त्या वेळचा वाजवी बाजारभाव. हप्ता कमी आहे, कारण यंत्राची सगळी किंमत तुमच्याकडून हप्त्यांत वसूल केलेली नाही. मुदतीनंतर यंत्रात जे मूल्य उरेल असं लेसरनं धरलंय, ते शेष मूल्य. तेवढा भाग बाजूला ठेवून हप्ता बेतलेला असतो. हे शेष मूल्य तुम्ही हमीनं दिलेलं आहे का, हेही पाहा. हमी असेल आणि यंत्र कमी भावात विकलं गेलं, तर फरक तुमच्या खिशातून जातो.

वर केलेला हिशोब इथे पुढे नेतो. हप्ता तोच 32,500, मुदत तीच 36 महिने, पण शेवटी 10 टक्के म्हणजे 1 लाख देऊन यंत्र घ्यायचं. सूत्रात भविष्यातल्या रकमेच्या जागी उणे 1,00,000 घाला. दर 10.5 वरून थेट 15 टक्क्यांवर जातो. एका ओळीनं साडेचार टक्क्यांचा फरक पडला, आणि ती ओळ पहिल्या पानावर नसते.

तेव्हा आधी स्वतःला विचारा की तीन वर्षांनी हे यंत्र तुम्हाला हवं असेल का. दर दोन-तीन वर्षांनी जुनी होणारी संगणकीय उपकरणं असतील, तर एफएमव्ही घ्या आणि वेळेवर परत करा. पंधरा वर्षं चालणारं लेथ यंत्र असेल तर नाममात्र रकमेचा पर्याय बहुतेक वेळा स्वस्त पडतो. आणि एफएमव्ही घेताच असाल तर बाजारभाव कोण ठरवणार, हे करारात आहे का ते बघा. ‘लेसर ठरवेल तो’ असं लिहिलेलं असेल तर तिथे थांबा. त्रयस्थ मूल्यांकनकार किंवा टक्केवारीची कमाल मर्यादा, यांपैकी एक मागून घ्या. सहीआधी ही मागणी पुष्कळदा मान्य होते. सहीनंतर मान्य झालेली मी पाहिलेली नाही.

प्रश्न: यंत्र आलं, पण नीट चालत नाही. विक्रेता टोलवतोय. मी हप्ते थांबवले तर?

थांबवू नका. निदान करारातलं एक कलम वाचल्याशिवाय तरी नाही. इंग्रजीत त्याला ‘हेल ऑर हाय वॉटर’ म्हणतात; अर्थ असा की आभाळ कोसळलं तरी हप्ता बिनशर्त द्यायचा. यंत्र बंद पडलं, विक्रेता गायब झाला, तरी लेसरचं देणं चालूच. लेसरची बाजू अशी की त्यानं फक्त पैसा पुरवलाय. यंत्र आणि विक्रेता तुम्ही निवडलात.

हे कलम लागू कधी होतं, तर बहुतेक करारांत तुम्ही स्वीकृतीपत्रावर सही करता तेव्हा. ‘यंत्र मिळालं, तपासलं, समाधानकारक आहे’ असं लिहिलेला तो एक पानी कागद. तो मिळाला की लेसर विक्रेत्याचे पैसे मोकळे करतो, आणि विक्रेत्यावरचा तुमचा दाब त्याच क्षणी संपतो.

एका दंतवैद्यांच्या दवाखान्यातला प्रसंग मी विसरू शकत नाही. एक्स-रेचं यंत्र लाकडी खोक्यात होतं, खिळेसुद्धा काढलेले नव्हते. माल उतरवणाऱ्या माणसानं पोचपावतीबरोबर आणखी एक कागद पुढे केला आणि डॉक्टरांनी पेशंट सांभाळत दोन्हीवर सह्या केल्या. दुसरा कागद स्वीकृतीपत्र होता. यंत्र सुरू व्हायला सात आठवडे लागले. हप्ता पहिल्या महिन्यापासून वळता झाला. वाईट वाटतं, कारण ‘जोडणी आणि चाचणीनंतर सही करीन’ एवढं एक वाक्य पुरेसं होतं.

आता तुमच्यापुरतं सांगतो. हप्ते भरत राहा, बिघाडाच्या तक्रारी तारखेसह लेखी द्या, आणि विक्रेत्याची वॉरंटी तुमच्या नावे वर्ग झाली आहे का ते पाहा. 1988 साली ओटावा इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय वित्तीय लीज करारानं हाच समतोल मांडला: पुरवठादाराची जबाबदारी लीज घेणाऱ्यालाही, जणू तोच खरेदीदार असल्यासारखी, लागू राहते. तुमच्या देशात हा करार लागू असो वा नसो, वॉरंटी वर्ग करण्याचं कलम करारात घालून घेता येतं. स्थानिक कायदा काय संरक्षण देतो, हे वकिलाला दाखवा.

प्रश्न: छत्तीस हप्ते पूर्ण भरले. सदतिसावा खात्यातून वळता झालाच! ही फसवणूक नाही का?

तुमचा राग समजतो, पण बहुधा तुमच्या करारात आपोआप नूतनीकरणाचं कलम आहे. धंद्यात त्याला ‘एव्हरग्रीन’ म्हणतात. नमुना असा असतो: ‘मुदत संपण्याआधी किमान 90 आणि कमाल 180 दिवस लेखी सूचना न दिल्यास लीज पुढील 12 महिन्यांसाठी वाढेल.’ ही दोन्ही टोकं बघा. उशिरा कळवलं तर चालत नाही, फार लवकर कळवलं तरीही चालत नाही. मधली तीन महिन्यांची खिडकी तेवढी उघडी असते. परत करायचं असेल तर खोलणं, बांधणं, वाहतूक, सोबतचे सगळे सुटे भाग, हे बहुतेक वेळा तुमच्याच खर्चानं.

तुमच्याबाबतीत आज करण्यासारखं एवढंच: किती महिन्यांची वाढ झाली ते वाचा, या वाढीव मुदतीसाठीची सूचना आजच पोच घेऊन पाठवा, आणि यंत्र विकत घेण्याचा भाव विचारा. लेसरला जुनं यंत्र परत ठेवून घ्यायची हौस नसते, त्यामुळे तडजोड होते. बाकीच्यांनी खिडकी उघडण्याची तारीख सही केल्या दिवशीच भिंतीवर लिहून ठेवावी.

प्रश्न: ‘ट्रिपल नेट’ म्हणजे काय? आणि आयएफआरएस 16 आल्यापासून ‘ताळेबंदाबाहेरची लीज’ संपली, हे खरं का?

पहिल्याचं उत्तर छोटं: देखभाल, विमा आणि कर हे तिन्ही तुमच्याकडे. भाड्याचा आकडा ऐकताना हे तीन खर्च त्यावर चढवून ऐका.

दुसरं, बव्हंशी खरं. आयएफआरएस 16 हे लीज हिशोबात कशी दाखवायची याचं आंतरराष्ट्रीय लेखामानक जानेवारी 2016 मध्ये आलं आणि 1 जानेवारी 2019 पासून लागू झालं. त्याआधी ऑपरेटिंग लीज ताळेबंदात दिसत नसे. आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष डेव्हिड ट्वीडी म्हणत की विमान कंपनीच्या ताळेबंदात असलेल्या विमानातून एकदा प्रवास करायचा आहे. इतकी विमानं तेव्हा कागदावरून अदृश्य होती. आता लेसीला वापरहक्काची मालमत्ता आणि लीजचं देणं, दोन्ही दाखवावी लागतात. लेसीसाठी फायनान्स आणि ऑपरेटिंग हा भेद त्यात उरला नाही; लेसरसाठी तो कायम आहे. सूट दोनच: खरेदीचा पर्याय नसलेली 12 महिन्यांपर्यंतची लीज, आणि कमी किमतीच्या वस्तू. मानक ठरवताना मंडळाच्या नजरेसमोर नव्या वस्तूची किंमत साधारण 5,000 डॉलर किंवा कमी, असं माप होतं. देण्याचं आजचं मूल्य काढायला करारातला अंतर्निहित दर, म्हणजे हप्त्यांत दडलेला व्याजदर, वापरायचा. तो सहज काढता येत नसेल तर तेवढंच कर्ज तेवढ्याच मुदतीसाठी तुम्हाला ज्या दरानं मिळालं असतं, तो दर.

बँकेशी कर्ज-भांडवल गुणोत्तराची अट असेल, तर नवी लीज घेण्याआधी हे गणित करून घ्या.

प्रश्न: आगीत यंत्र जळालं तर लीज आपोआप संपते ना?

संपते, पण पैसे देऊन. कराराच्या परिशिष्टात महिन्यागणिक टक्केवारीचा एक तक्ता असतो. ‘स्टिप्युलेटेड लॉस व्हॅल्यू’ असं त्याचं नाव. समजा चौदाव्या महिन्यासमोर 72 टक्के लिहिलेत. 10 लाखांच्या यंत्राचे 7 लाख 20 हजार तुम्ही देणं लागता. विमा कंपनी मात्र घसारा वजा करून त्या दिवसाची किंमत देते. ती साडेपाच लाख निघाली तर 1 लाख 70 हजार तुमच्या अंगावर. मुदतीआधी करार बंद करायचा असला तरी अनेक करारांत असाच तक्ता लागतो, म्हणून ‘उरलेले हप्ते उणे व्याज’ एवढंच देऊन सुटू असं धरून चालू नका.

तक्त्याची एक प्रत आजच विमा कंपनीला पाठवा. कोणत्याही महिन्यात भरपाईची रक्कम तक्त्यातल्या आकड्याच्या खाली जाते का, हे लेखी विचारा. जात असेल तर नव्या किमतीवर भरपाई देणारी पॉलिसी घ्या.