वाचून दाखवल्याने मूल आळशी होते का?

नागपूरच्या मानेवाडा भागातील एक आई दुसरीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). रोज रात्री आईकडून गोष्ट वाचून घेणारी ही मुलगी स्वतः वाचायला बसवली की पुस्तक मिटून ठेवत असे. "मॅडम, ही नुसती आयतं ऐकून राहिली. मी वाचून दाखवणं बंद करू का?" हा प्रश्न अनेक पालक विचारतात.

मी तिला एका गोष्टीतला परिच्छेद वाचायला दिला. 'म्हातारीने' या शब्दावर ती अडली, आईने लगेच तो पुरवला, आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात काय होती हे तिच्या लक्षात राहिले नव्हते. पुढचा भाग मी वाचला, तेव्हा म्हातारी वाघाशी खोटे का बोलली, हे तिने न विचारताच सांगितले.

म्हणजे समजण्यात अडचण नव्हती. या वयात काना-मात्रा आणि जोडाक्षरे जुळवण्यातच इतके लक्ष खर्च होते की अर्थासाठी ते फारसे उरत नाही, आणि ऐकून समजण्याची क्षमता प्राथमिक शाळेतील बरीच वर्षे वाचून समजण्याच्या पुढे असते. शिवाय घरात नागपुरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत सेमी-इंग्रजी अशा वातावरणात 'तेवढ्यात', 'हताश' असे पुस्तकी मराठी शब्द कानावर पडतात ते मुख्यतः गोष्टींतूनच. आणि आधी ऐकलेला शब्द छापलेला दिसला, तर तो लवकर जुळतो.

म्हणून वाचून दाखवणे चालूच ठेवावे, मात्र सरावाची वेळ वेगळी काढावी, असे मी सुचवले. सराव दिवसा, थोडा वेळ आणि सोप्या पुस्तकावर करावा. मूल अडले तर जरा थांबून मगच शब्द सांगावा. रात्रीच्या गोष्टीत पुन्हा पुन्हा येणारी ओळ तेवढी मुलीने वाचावी. पानागणिक 'काय समजलं, सांग' असे विचारणे मला अजिबात पसंत नाही. त्याने गोष्टीचा तास होतो. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनअखेरीस उघडतात, त्यामुळे सुटीतल्या बंद घरातल्या दुपारी या सरावाला सोयीच्या आहेत.

तिसरी संपत आली तरी साधे शब्द जुळत नसतील, तर आधी डोळे व कान तपासून घ्यावेत आणि मग अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात सतत येणाऱ्या अडचणीची) चाचणी करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. तसे निदान झाले, तरी रात्रीची गोष्ट थांबवू नये.