गायक गेला, नवा गायक आला. आता गाण्याखाली नाव कुणाचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातल्या एका मराठी रॉक बँडचा गायक वारला आणि त्याच्या जागी तुम्हाला घेतलं. नव्या अल्बममधल्या सगळ्या गाण्यांना गीतकार म्हणून तुमचं नाव लावायचं बँडनं ठरवलंय. पण त्यातल्या दोन गाण्यांचे मुखडे त्या गेलेल्या गायकाच्या वहीत आधीपासून आहेत, असं त्याची बहीण सांगते. बँडमधले बाकीचे ऑस्ट्रेलियातल्या एसी/डीसी या रॉक बँडचं उदाहरण देतात, ‘त्यांनी तरी काय केलं? गायक गेला, नवा आला, नव्याचं नाव लागलं.’ हे बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. वहीत मुखडे असतील तर त्या दोन गाण्यांवर त्याचं नाव लागलंच पाहिजे, आणि तेही अल्बम बाहेर पडायच्या आत. मी सोलापुरातच रेकॉर्डिंग आणि साउंडचं काम करतो. नावावरून तुटलेले बँड जवळून बघितलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एसी/डीसीचं बघू, कारण तुमचे मित्र ते उदाहरण अर्धवट सांगतायत. त्यांचा गायक बॉन स्कॉट 19 फेब्रुवारी 1980 ला लंडनमध्ये गेला, 33 वर्षांचा होता. ‘हायवे टू हेल’ हा त्याच्या आवाजातला शेवटचा अल्बम, 1979 चा. त्यावर यंग, यंग आणि स्कॉट अशी नावं आहेत, म्हणजे गिटार वाजवणारे दोघे यंग भाऊ आणि बॉन. तो गेल्यावर बँडनं ‘जॉर्डी’ नावाच्या बँडमधून ब्रायन जॉन्सनला आणलं, बहामातल्या नासाऊला जाऊन रेकॉर्डिंग केलं आणि 25 जुलै 1980 ला ‘बॅक इन ब्लॅक’ बाजारात आला. मधे सहा महिनेसुद्धा गेले नव्हते. नावं लागली अँगस यंग, माल्कम यंग आणि ब्रायन जॉन्सन. बॉनचं नाव एकाही गाण्यावर नाही.

वाद तिथूनच सुरू झाला. एवढ्या कमी वेळात नवख्या माणसानं एवढं कसं लिहिलं? शब्दांचे खेळ तर थेट बॉनसारखे आहेत. त्याला ओळखणाऱ्या काही जणांनी पुढं सांगितलं, की यातल्या ओळी त्याच्या हयातीत आम्ही बघितल्या होत्या, ऐकल्या होत्या. बँडनं स्वतः एवढं मान्य केलंय की शेवटच्या दिवसांत बॉन तालमीला आला होता आणि ‘हॅव अ ड्रिंक ऑन मी’ आणि ‘लेट मी पुट माय लव्ह इनटू यू’ या गाण्यांच्या कच्च्या चालींवर त्यानं ड्रम वाजवले होते. म्हणजे चाली तेव्हा तयार होत होत्या. पण ड्रम वाजवले म्हणजे शब्द लिहिले, असं होत नाही. ब्रायन जॉन्सननं 2022 च्या आत्मचरित्रात ठामपणे लिहिलंय की शब्द माझेच आहेत. त्याच्या विरुद्ध ठेवायला बॉनच्या हातची, त्या गाण्यांची पानं लोकांसमोर आलेली नाहीत. म्हणून मी ब्रायनचं म्हणणं मानतो. शैली सारखी आहे म्हणून एका माणसाच्या कामावर दुसऱ्याचं नाव घालणं, हाही अन्यायच.

तुमची गोष्ट इथं वेगळी होते. तुमच्याकडं वही आहे. तिकडं कागद नाही म्हणून चाळीस वर्षं नुसती चर्चा चालू आहे. इकडं कागद आहे आणि तो न बघता निर्णय झालाय.

उदाहरणच घ्यायचं तर त्याच वर्षीचं दुसरं घ्या. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिस 18 मे 1980 ला गेला. उरलेल्या तिघांनी न्यू ऑर्डर नावानं सुरुवात केली आणि 1981 मध्ये पहिलं गाणं काढलं, ‘सेरेमनी’. ते इयन असतानाच झालेलं होतं, पण शब्द कुठं लिहून ठेवलेले नव्हते. तालमीची एक खराब टेप होती. ती पुन्हा पुन्हा ऐकून, आवाज खालीवर करून बर्नार्ड समनरनं शब्द उतरवून घेतले आणि स्वतः गायला. पण लिहिणारा म्हणून इयनचा वाटा कुणी पुसला नाही. आवाज नव्याचा, शब्द जुन्याचे, आणि दोन्ही गोष्टी उघड. त्यामुळं ना नव्या बँडचं काही अडलं, ना समनर गायक म्हणून लहान ठरला.

हे आपल्या मातीतही नवीन नाही. होनाजी लिहायचा आणि बाळा गायचा, आणि आजही आपण जोडीनं ‘होनाजी-बाळा’ म्हणतो. शाहिरांनी शेवटच्या कडव्यात नाव गुंफायची रीत ठेवली ती उगाच नाही. फड बदलला, गाणारा बदलला, तरी लिहिणाऱ्याचं नाव गाण्याबरोबरच फिरायचं. राम जोशी आपल्या सोलापूरचे. त्यांच्या लावण्या आजवर किती जणांनी गायल्या असतील, पण गाणाऱ्याची म्हणून ती लावणी कधी झाली नाही. तुमच्या गाण्यात नाव गुंफायची सोय नाही, म्हणून ते काम आता क्रेडिटच्या रकान्यानं करायचंय.

आता वहीचं. ती बहिणीकडंच राहू द्या, मागून घेऊ नका. तिच्यासमोर बसून फोटो काढा. फक्त ते पान नको, त्याच्या आधीची आणि नंतरची दोन-चार पानंही घ्या, कारण शेजारच्या पानावर एखादी तारीख, कार्यक्रमाचा हिशोब, तालमीचा निरोप असं काहीतरी असतं आणि त्यावरून काळ ठरतो. त्याचा फोन घरात असेल तर त्यातली रेकॉर्डिंग तपासा. ती व्हॉट्सॲपवर पुढं पाठवू नका. पाठवली की मूळ तारीख जाते आणि पाठवल्याची तारीख उरते. केबल लावून फाइल जशीच्या तशी उतरवून घ्या आणि फोनही जपून ठेवा. उद्या कोर्टात जायची वेळ आली तर डिजिटल पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोन असला की ते सोपं जातं.

रेकॉर्डिंग नुसतं चाल ओळखण्यापुरतं ऐकू नका. मागचे आवाजसुद्धा ऐका. माझ्याकडं एकदा दोन मुलं एका चालीवरून भांडत आली होती. एकाच्या फोनमध्ये कसब्यातल्या खोलीत केलेलं रेकॉर्डिंग होतं, तारीख गेलेली. हेडफोन लावून ऐकलं तर दुसऱ्या अंतऱ्याच्या मागं, खिडकीतून, अगदी बारीक पण स्पष्ट ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ ऐकू येत होतं. खालून सिद्धेश्वर यात्रेतले नंदीध्वज चालले होते. म्हणजे रेकॉर्डिंग संक्रांतीचं. आणि चाल माझी म्हणणारा दुसरा मुलगा बँडमध्ये आला होता त्यानंतरच्या उन्हाळ्यात. दोघंही तिथंच गप्प झाले. त्यानंतर तासाभरात त्यांनी नावं कशी लावायची ते आपापसात ठरवलं.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण बँडमधल्या मुलांना वाटतं की माणूस गेला म्हणजे हक्क संपला. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्यात शब्द वेगळे, संगीत वेगळं आणि रेकॉर्डिंग वेगळं धरलं जातं. लिहिणारा गेल्यावरही शब्दांवरचा हक्क पुढची 60 वर्षं चालतो. कलम 57 नं लेखकाला ‘हे माझं आहे’ म्हणायचा खास हक्क दिलाय, आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर लेखकत्वाचा तो दावा वारसही करू शकतात. तेव्हा बहीण जे म्हणतेय ते नुसतं भावनेच्या भरातलं नाही.

पण त्याच्या ओळी वापरायच्या परवानगीवर सही कुणाची घ्यायची, ते नीट बघा. मुलगा हिंदू असेल, अविवाहित असेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल, तर पहिल्या वर्गात वारस आई येते, बहीण नंतर. लग्न झालेलं असेल तर बायको, मुलं आणि आई. म्हणून ताईंशी बोला, त्यांना मान द्या, वहीचं सगळं त्यांच्याच समोर करा, पण आई हयात असतील तर सही आईंची लागेल. बहिणीचीच सही घेऊन मोकळे झालात तर तो कागद उद्या टिकणार नाही.

त्याचा मुखडा आणि तुमचे अंतरे असं गाणं असेल तर त्याच्या ओळी वापरायला वारसांची लेखी परवानगी लागते. कागदावर गाण्याचं नाव, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी आणि रॉयल्टीचा वाटा किती, एवढं स्पष्ट हवं. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. गाणी जगभर ऐकवली जाणार, म्हणजे हे मोघम ठेवून चालणार नाही. वाटा किती, याचं मला विचाराल तर शब्दांतला निम्मा त्याचा. ओळी मोजून बघितल्या तर मुखडा चारच ओळींचा भरेल, पण लोक कार्यक्रमातून बाहेर पडताना तोच गुणगुणत असतात. तुमच्या वकिलांना हे सूत्र पटलं नाही तरी चालेल. आकडा दोन्ही बाजूंनी मिळून ठरवलेला असला म्हणजे झालं.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण करा. एका गीताला 500 रुपये फी आहे, आणि हरकतीसाठी 30 दिवस थांबावं लागतं. त्या अर्जात लेखक हयात नसेल तर मृत्यूची तारीख लिहायची सोय आहे. म्हणजे गेलेल्या माणसाचं नाव लावणं काही जगावेगळं नाही. नंतर आईंना वारस म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं, सभासद करून घ्या, म्हणजे त्यांच्या वाट्याचे पैसे बँडच्या हातातून न जाता थेट त्यांना मिळतील. पुढं कुणाच्या मनात किंतू राहत नाही.

‘आता कोण विचारतंय’ असं म्हणणाऱ्या मित्रांना मॅथ्यू फिशरचं सांगा. प्रोकोल हारम या ब्रिटिश बँडच्या ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ या गाण्यातला ऑर्गन त्याचा. गाणं 1967 चं, दावा केला 2005 मध्ये. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं 2009 मध्ये त्याच्या बाजूनं निकाल दिला आणि संगीतातला 40 टक्के वाटा कायम केला. पैसे मात्र दाव्यानंतरच्या काळाचेच मिळाले, मधली अडतीस वर्षं गेली ती गेलीच. त्या आईंवर ही वेळ आणू नका.

तुमची अडचण मला कळते. नवीन माणसानं आल्या आल्या असा विषय काढला की ‘लगेच आम्हाला शिकवायला लागला’ म्हणतात. तरीही हा विषय तुम्हीच काढा, कारण नाव तुमचं लागणार आहे आणि उद्या बोट तुमच्याकडं दाखवलं जाईल, ड्रमरकडं नाही. सगळ्यांना एका जागी बसवा, वहीचे फोटो समोर ठेवा, आणि म्हणा की बाकीची गाणी माझी आहेत, ती मी अभिमानानं माझ्या नावावर घेतो. ही दोन दोघांची आहेत. चालीबद्दल कुणाचं काही म्हणणं असेल तर तेही त्याच बैठकीत लिहून काढा. गिटारवाल्यांना स्वतःची चाल सोडवत नाही आणि त्यात काही चूक नाही.

आणि हुतात्मा स्मृती मंदिरात किंवा गणपतीत कार्यक्रम असेल तेव्हा निवेदकाच्या हातात चिठ्ठी द्या, गाण्याचं नाव आणि खाली गीतकार म्हणून दोन्ही नावं. तोंडी सांगून भागत नाही. ऐनवेळी तो समोर माईक धरून उभा असलेल्याचंच नाव घेतो.